सायबर सुरक्षा प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांचे

कार्यालय, बँक, कारखाना, रुग्णालय इ. संस्थांतील संगणक, त्यांना जोडणारी जाळी व त्यांत साठविलेली माहिती यांना संभवणारे धोके ओळखणे, ते टाळणे आणि गैरप्रकार घडल्यास तो विनाविलंब योग्य अधिकाऱ्यास कळविणे, यांविषयी नोकरवर्गास दिले जाणारे नियमित शिक्षण म्हणजे कर्मचाऱ्यांचे सायबर सुरक्षा प्रशिक्षण होय. संगणकतज्ञांना देण्यात येणाऱ्या तांत्रिक शिक्षणाहून ते भिन्न आहे. लिपिक, रोखपाल, भांडारपाल, परिचारिका, पर्यवेक्षक, तसेच संचालक व कंत्राटी कामगार हे सर्व त्याच्या कक्षेत येतात. कारण यंत्र कितीही भक्कम असले, तरी ते उघडण्याची किल्ली अखेर माणसाच्या हाती असते, हे या प्रशिक्षणामागील मूलभूत गृहीत होय. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हे प्रशिक्षण स्वतंत्र विषय म्हणून आकारास आले. तथापि त्यामागील प्रश्न बराच जुना आहे. विश्वासू माणसाने जोखमीची वस्तू कशी हाताळावी आणि चूक झाल्यास ती कशी उघड व्हावी, हा तो प्रश्न. नासिक शहर व परिसराच्या गेल्या शंभर वर्षांच्या औद्योगिक इतिहासात त्याची अनेक रूपे पाहावयास मिळतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दस्तऐवजाचा खरेपणा राखण्याच्या रीती संगणकाच्या कितीतरी आधीच्या आहेत. मराठेकालीन पत्रव्यवहारात पत्राच्या माथ्यावर शिक्का व मजकुराच्या शेवटी मोर्तब उठविण्याची पद्धत होती. मोर्तब ही मजकूर संपल्याची खूण असल्यामुळे तिच्याखाली कोणास काही वाढविता येत नसे. लांबलचक पत्राचे कागद जेथे जोडले जात, त्या सांध्यांवरही पाठीमागून शिक्का उठविण्यात येई. त्यामुळे मधलाच एखादा कागद बदलणे अवघड होई. महत्त्वाचे पत्र एकाच हाताने पुरे होत नसे; निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे त्याची नोंद होऊन त्यावर शेरे पडत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मराठीत अद्याप रूढ आहे. माणसाची ओळख पटविण्याचा प्रश्न मात्र शिक्क्याने सुटत नव्हता. पानिपतच्या युद्धानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया पुढे आला. त्याच्या नावाभोवती माणसे जमली व त्याचे बंड मोडून १७७६ मध्ये त्यास देहान्त शिक्षा देईपर्यंत पुणे दरबारास त्याने त्रस्त केले. वरिष्ठाचे नाव व दरारा पुढे करून कनिष्ठाकडून काम करवून घेणे, हेच तोतयाचे तंत्र. आजच्या संगणकीय फसवणुकीचा फार मोठा भाग याच तंत्रावर उभा आहे.

नासिक रोड येथील सुरक्षा-मुद्रण : विसाव्या शतकाच्या आरंभी भारताची टपाल तिकिटे लंडनच्या द ला रू कंपनीकडून छापून येत असत, तर चलनी नोटा बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापल्या जात. हे काम भारतातच करावे असा निर्णय होऊन मुंबईपासून लोहमार्गाने जवळ असलेल्या नासिक रोड येथे १९२५ च्या सुमारास इंडिया सिक्युरिटी प्रेस हे मुद्रणालय सुरू झाले. १९२८ पासून चलनी नोटांचे मुद्रणही येथे होऊ लागले. टपाल तिकिटे, मुद्रांक, धनादेश, पारपत्रे व नोटा यांच्या छपाईमुळे नासिक रोड हे देशातील सुरक्षा-मुद्रणाचे आद्य केंद्र ठरले. दोन्ही मुद्रणालये २००६ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या केंद्र शासनाच्या कंपनीकडे सोपविण्यात आली.

सुरक्षा-मुद्रणात छापलेल्या कागदाइतकेच महत्त्व बिघडलेल्या कागदाला असते. प्रत्येक विभाग कोरे कागद मोजून घेतो व काम झाल्यावर मोजून देतो. चांगले, वाईट व शिल्लक अशा तिन्हींची बेरीज मूळ संख्येशी जुळावी लागते. बाद माल साक्षीदारांसमक्ष नष्ट केला जातो. एका व्यक्तीच्या हाती आरंभापासून अखेरपर्यंत सर्व प्रक्रिया राहू नये, असा दंडक असतो. या शिस्तीत कामगाराच्या प्रामाणिकपणाविषयी संशय घेण्याचा हेतू नसतो. उलट हिशेब जुळल्यामुळे प्रामाणिक माणूस निर्धास्त राहतो. अशा ठिकाणी नवा कामगार मुख्यतः जुन्या कामगाराच्या हाताखाली शिकतो. प्रवेशद्वारावरील झडती, मोजदाद व नोंदवही या गोष्टी रोजच्या सवयीचा भाग होतात.

या व्यवस्थेच्या मर्यादाही नासिकने पाहिल्या आहेत. अब्दुल करीम तेलगी याच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणाने २००३ च्या सुमारास देशभर खळबळ उडाली. शासकीय मुद्रणालयातील बाद यंत्रसामग्री व छपाईचे साहित्य त्याच्यापर्यंत कसे पोहोचले, हा त्या तपासातील एक प्रमुख मुद्दा होता. तेलगीस २००७ मध्ये शिक्षा झाली व २०१७ मध्ये तो मरण पावला. निकामी म्हणून वगळलेली वस्तूही जोखमीचीच असते, हा धडा या प्रकरणाने दिला. वापरातून काढलेला संगणक, जुनी तबकडी किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे बंद न केलेले खाते यांनाही तो तंतोतंत लागू पडतो.

दुसरी घटना आकाराने लहान, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. चलनी नोटांच्या मुद्रणालयात २०२१ मध्ये पाचशे रुपयांच्या नोटांच्या हिशेबात ५ लाख रुपयांची तूट आढळली. अंतर्गत चौकशीत उलगडा न झाल्याने जुलैमध्ये पोलिसांकडे तक्रार नोंदविण्यात आली आणि चोरीचा संशय व्यक्त झाला. तपासाअंती असे जाहीर झाले की, नोटा चोरीस गेलेल्याच नव्हत्या. त्या चुकून बाद मालाबरोबर नष्ट झाल्या होत्या आणि संबंधित पर्यवेक्षकांनी कारवाईच्या भीतीने ही गोष्ट सांगितली नव्हती. मोजदादीच्या शिस्तीमुळे तूट लक्षात आली. परंतु तिचे कारण कळण्यास काही महिने लागले, कारण ज्यांना ते ठाऊक होते, त्यांना बोलण्याचे धैर्य झाले नाही. सुरक्षा-व्यवस्थेत चूक होणे अटळ आहे. ती लपविली जाणे अटळ नाही. चूक किती लवकर उघड होते यावर हानीचे प्रमाण अवलंबून असते आणि ते पुष्कळदा वरिष्ठांच्या वागणुकीवर ठरते. संगणकाच्या क्षेत्रात तर हा अवधी महिन्यांत नव्हे, मिनिटांत मोजावा लागतो.

संगणकयुगातील उगम : संगणकांच्या सुरक्षिततेचा विचार प्रथम खोलीच्या कुलुपापुरता मर्यादित होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये लॉस अँजेल्स येथील सिक्युरिटी पॅसिफिक बँकेतून स्टॅन्ली रिफ्किन या सल्लागाराने १ कोटी २ लक्ष डॉलर परस्पर बाहेर पाठविले. पैसे पाठविण्याच्या कक्षात त्या दिवसाचा सांकेतिक अंक कर्मचाऱ्यांनी सोयीसाठी लिहून ठेवला होता. तो त्याने वाचला आणि दूरध्वनीवरून आपण बँकेचेच अधिकारी असल्याचे भासविले. कोणतेही यंत्र न फोडता झालेल्या या चोरीने मनुष्यस्वभाव हाच संगणक-सुरक्षेचा कच्चा दुवा असल्याचे दाखवून दिले.

अमेरिकेच्या संगणक सुरक्षा अधिनियमाने (१९८७) संघशासनाच्या संगणक हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेविषयीचे नियतकालिक प्रशिक्षण सक्तीचे केले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी एका विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘मॉरिस कृमी’ या आज्ञावलीने तत्कालीन आंतरजालावरील हजारो संगणक ठप्प केले. त्याच महिन्यात पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकीय आपत्तीच्या वेळी प्रतिसाद देणारे पहिले पथक स्थापन झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८९ मध्ये प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००३ मध्ये जागरूकता व प्रशिक्षण कार्यक्रम कसा आखावा याविषयी स्वतंत्र पुस्तिका काढली. तिची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये निघाली. ‘जागरूकता’ म्हणजे धोक्याकडे लक्ष वेधणे आणि ‘प्रशिक्षण’ म्हणजे विशिष्ट काम सुरक्षितपणे करण्याचे कौशल्य देणे, हा भेद या लेखनातून रूढ झाला. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाखाली फिलिपीन्समधून सुटलेल्या विषाणूने जगभरच्या कार्यालयांत धुमाकूळ घातला. तेव्हापासून ई-मेलसोबत आलेली संशयास्पद धारिका न उघडणे, हा सर्वसामान्य लिपिकाच्या शिक्षणाचा पहिला पाठ बनला.

भारतातील विकास : भारतात कार्यालयीन संगणकीकरणाचा आरंभ कामगार संघटना व व्यवस्थापन यांच्यातील वाटाघाटींतून झाला. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी १९८३ मध्ये करार झाला आणि सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८४ व १९८९ मध्ये पुढील दिशा आखून दिली. त्या काळातील प्रशिक्षणाचा भर यंत्र चालविता येण्यावर होता. त्यापासून सावध राहण्यावर नव्हता. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांना, त्यांत शासकीय कर्मचाऱ्यांनाही, संगणक-साक्षर केले. साक्षरता आधी आली व सावधगिरी मागाहून, असा हा क्रम आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ च्या सुधारणेने परक्याची ओळख चोरणे व संगणकाद्वारे तोतयेगिरी करणे यांसाठी स्वतंत्र कलमे घातली गेली. संगणकीय आपत्तींना प्रतिसाद देणारे सर्ट-इन हे राष्ट्रीय पथक २००४ मध्ये कार्यान्वित झाले. माहिती-सुरक्षेचे शिक्षण व जागृती यांसाठी केंद्र शासनाचा एक प्रकल्प २००५ पासून टप्प्याटप्प्याने राबविला जात आहे. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत ५ लक्ष प्रशिक्षित मनुष्यबळ घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले. रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. तीत कर्मचारी, ग्राहक व संचालक मंडळ या तिघांच्याही जागरूकतेवर भर होता. सर्ट-इनच्या २०२२ मधील आदेशानुसार ठराविक स्वरूपाच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे संस्थांवर बंधनकारक झाले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०२३ च्या अधिनियमात आहे. सहा तासांची मुदत पाळता येण्यासाठी घटना प्रथम ज्याच्या दृष्टीस पडते, त्या सामान्य कर्मचाऱ्याने तोंड उघडणे आवश्यक असते. ही अट कायद्याने घालता येत नाही. ती संस्थेच्या अंतर्गत वातावरणातूनच पुरी होते.

महाराष्ट्रातील काही घटना : (१) २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीमुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका धक्क्याचे काम विस्कळित झाले. तो धक्का चालविणाऱ्या मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाची जगभरची यंत्रणाच बंद पडली होती. युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून हा उपद्रव पसरला. येथील कोणाही कर्मचाऱ्याच्या हातून चूक घडली नसताना बंदरात मालाची वाहतूक खोळंबली. प्रशिक्षणाची मर्यादा या घटनेतून स्पष्ट होते.

(२) पुणे येथील कॉसमॉस सहकारी बँकेवर (स्थापना १९०६) ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेला हल्ला हा देशातील सहकारी बँकांच्या इतिहासातील मोठा आघात मानला जातो. बँकेच्या रोकड-यंत्रांचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली. शनिवारी काही तासांत २८ देशांतील यंत्रांमधून सु. १२,००० व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये आणि भारतातील यंत्रांतून सु. २·५ कोटी रुपये काढण्यात आले. सोमवारी आणखी १३·९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्याकडे वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी रुपयांहून अधिक होती. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. हल्ल्यानंतर दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम जाहीर केले. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांच्या संगणकीय व्यवहारांच्या व्याप्तीनुसार त्यांचे चार स्तर ठरवून अधिक तपशीलवार नियम लागू करण्यात आले. नासिक जिल्ह्यातील नागरी सहकारी बँकाही या नियमांच्या कक्षेत आल्या. त्यामुळे द्राक्ष-बागायतदार, कांदा-व्यापारी व लहान दुकानदार यांच्या ठेवी सांभाळणाऱ्या शाखांतील नोकरवर्गासही असे प्रशिक्षण देणे क्रमप्राप्त झाले.

(३) नासिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना १९६४ पासून आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने या कारखान्यातील एका कर्मचाऱ्यास विमानांविषयीची गोपनीय माहिती परदेशी हस्तकास पुरविल्याच्या आरोपावरून शासकीय गुपिते अधिनियमाखाली (१९२३) अटक केली. समाजमाध्यमावरील ओळखीतून हा संपर्क जुळल्याचे तपासयंत्रणेचे म्हणणे होते. कारखान्याच्या भिंतीआड जपलेले गुपित कामगाराच्या खिशातील भ्रमणध्वनीवाटे बाहेर जाऊ शकते. त्यामुळे कामाच्या वेळेबाहेरचे वर्तनही सुरक्षा-प्रशिक्षणाचा विषय झाले. त्याबरोबरच कर्मचाऱ्याच्या खासगी जीवनात संस्थेने कोठवर डोकवावे, हा नाजूक प्रश्नही उपस्थित झाला.

(४) सप्टेंबर २०२२ मध्ये पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूट या लसनिर्मिती करणाऱ्या कंपनीची १ कोटी रुपयांहून अधिक रकमेची फसवणूक झाली. कंपनीच्या प्रमुखाच्या नावाने भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशांत काही खात्यांवर तातडीने पैसे भरण्यास सांगितले होते. संदेश खरा मानून पैसे पाठविण्यात आले. येथे कोणतीही संगणक-यंत्रणा फोडलेली नव्हती. अडीचशे वर्षांपूर्वीच्या तोतयाचेच हे तंत्र होते.

प्रशिक्षणाचे स्वरूप : प्रचलित अभ्यासक्रमांत सामान्यतः पुढील विषय असतात : परवलीचा शब्द व दुहेरी ओळखतपासणी, खोटी ई-मेल व संदेश (यांस मासे पकडण्याच्या गळावरून ‘फिशिंग’ अशी संज्ञा आहे), दूरध्वनीवरील तोतयेगिरी, खंडणी मागणाऱ्या आज्ञावली, बाहेरून आणलेल्या साठवण-साधनांचा वापर, ग्राहकांच्या माहितीची गोपनीयता, सार्वजनिक जोडणीवरून काम करताना घ्यावयाची काळजी आणि घटना कळविण्याची रीत. कामानुसार भर बदलतो. हिशेब-विभागास पुरवठादाराचा खाते-क्रमांक बदलल्याची सूचना आल्यास जुन्या नोंदीतील क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करण्यास शिकवितात. कर्मचारी-विभागास अर्जासोबत आलेल्या धारिका सावधपणे उघडण्याचे, तर कारखान्यातील तंत्रज्ञास यंत्र-नियंत्रक संगणकास परकी साधने न जोडण्याचे शिक्षण आवश्यक असते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर लगेच कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी थांबविण्याची शक्यता वाढते. म्हणून हा क्रमांकही प्रशिक्षणाचा भाग झाला आहे.

व्याख्याने, भित्तिपत्रके, संगणकावरील स्वाध्याय आणि पूर्वसूचना न देता पाठविलेली खोटी ई-मेल या प्रमुख पद्धती होत. शेवटच्या पद्धतीत फसलेल्या कर्मचाऱ्यास तेथेच चूक समजावून देतात. ऑक्टोबर महिना सायबर सुरक्षा जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रातील अनेक कार्यालयांत व सातपूर, अंबड यांसारख्या नासिकच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांत भाषेचा प्रश्न विशेष जाणवतो. पाठ्यसाहित्य बहुधा इंग्रजीत असते, कामगार मराठीत किंवा हिंदीत विचार करतो आणि फसविणारा त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलतो. खोट्या संदेशातील भाषा अशुद्ध असते, ही ओळखण्याची जुनी खूणही आता निरुपयोगी ठरली आहे. २०२२ नंतर सर्वांना उपलब्ध झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी निर्दोष मराठी पत्र लिहिणे व परिचिताच्या आवाजाची नक्कल करणे सुलभ केले आहे. यामुळे संदेशाचे बाह्य रूप तपासण्याऐवजी मागणीचे स्वरूप तपासण्यास शिकविणे अधिक श्रेयस्कर मानले जाते. घाई, गुप्तता व नेहमीच्या रीतीला बगल या तीन गोष्टी एकत्र आल्या की थांबावे, असा हा साधा नियम आहे.

परिणामकारकता : प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष उपयोग किती होतो, याविषयी मतभेद आहेत. झुरिक येथील संघीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १४,००० हून अधिक कर्मचारी असलेल्या एका कंपनीत १५ महिने प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. खोट्या ई-मेलला फसल्यावर तत्काळ पाठ देण्याच्या प्रचलित पद्धतीने कर्मचारी अधिक सावध झाले नाहीत. उलट काही अंशी अधिक गाफील झाले. मात्र संशयास्पद ई-मेल एका कळीने कळविण्याची सोय दिल्यावर कर्मचाऱ्यांनी तिचा उत्साहाने व बऱ्याच अचूकपणे वापर केला आणि नवे हल्ले लवकर लक्षात येऊ लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील आरोग्यसेवेतील १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने झालेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित व अप्रशिक्षित यांच्या फसण्याच्या प्रमाणात केवळ १·७ टक्के इतकाच फरक आढळला.

शिकविल्या जाणाऱ्या काही नियमांचाही फेरविचार झाला आहे. परवलीचा शब्द ठराविक दिवसांनी बदलण्याच्या सक्तीमुळे लोक सोपे किंवा एकमेकांसारखे शब्द निवडतात व ते लिहून ठेवतात, असे आढळून आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ मध्ये ही सक्ती न करण्याची शिफारस केली. मोठा शब्द ठेवून तो उघड झाल्याचा पुरावा मिळाल्यासच बदलावा, असे तिचे म्हणणे आहे. कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेली तक्रार येथे शास्त्रीय कसोटीवर खरी उतरली.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. वर्षातून एकदा घेतलेली परीक्षा व तिचे प्रमाणपत्र यांनी नियमांची पूर्तता होते. सुरक्षितता येतेच असे नाही. फसलेल्या कर्मचाऱ्याची नावे फलकावर लावणे किंवा त्यास दंड करणे ही पद्धत काही ठिकाणी अवलंबिली जाते. परंतु तिचा परिणाम पुढच्या वेळी चूक लपविली जाण्यातच होण्याचा संभव अधिक. मोठ्या रकमेस दोन स्वतंत्र व्यक्तींची संमती, खाते-क्रमांकाच्या बदलाची उलटतपासणी, नोकरी सोडणाऱ्याचे अधिकार त्याच दिवशी काढून घेणे, बाद साधने नष्ट केल्याची नोंद हे उपाय सुरक्षा-मुद्रणालयातील मोजदादीशी जवळचे नाते सांगतात. ज्या संस्थेत हे उपाय नाहीत, तेथे एका लिपिकाच्या एका क्षणाच्या विस्मृतीवर सर्व ठेवीदारांचे भवितव्य टांगले जाते आणि अनर्थ घडल्यावर दोष मात्र त्या लिपिकास लागतो. संचालक व वरिष्ठ अधिकारी यांना प्रशिक्षणातून सूट देण्याची प्रवृत्तीही घातक आहे. कारण तोतये त्यांचेच नाव वापरतात आणि वरिष्ठाच्या आज्ञेविषयी खात्री करून घेणाऱ्या कनिष्ठास अभय देण्याचा अधिकार त्यांचाच असतो.

यंत्रे बदलली, कागदाची जागा विद्युत् संकेतांनी घेतली. नासिक रोडच्या मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या पारपत्रातही आता इलेक्ट्रॉनिक चिप बसविली जाते. तथापि सुरक्षा-प्रशिक्षणाचे मूळ प्रयोजन बदललेले नाही. शंका आल्यास थांबण्याची मुभा, खात्री करून घेण्याची रीत आणि चूक झाल्यास ती त्याच क्षणी निर्भयपणे सांगता येईल अशी खात्री या तीन गोष्टी कर्मचाऱ्यास मिळाल्या, तरच त्याला दिलेले शिक्षण फलद्रूप होते. त्यांपैकी पहिल्या दोन पाठ्यक्रमातून शिकविता येतात. तिसरी संस्थेने आपल्या आचरणातून सिद्ध करावी लागते.